नितळ पाण्यातले नायट्रेट

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी नितळ आहे, तरी तपासणीत लिटरला ७२ मिलिग्रॅम नायट्रेट निघाले. शेजारच्या उसाला टाकलेला युरिया माती गाळून घेत नाही का? पाणी उकळून प्यावे का? घरात चार महिन्यांचे बाळ आहे.
– एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, घाबरू नका, वेळीच तपासणी केलीत, हे उत्तम झाले. माती सगळेच गाळत नाही. युरियाचे मातीत नायट्रेट होते. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, नायट्रेटवरही तोच. त्यामुळे ते मातीला न चिकटता पाण्याबरोबर खाली उतरते आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीत येते.

पाणी उकळू नका. उकळताना पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते. तुरटीचाही उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बाळाला अंगावरचे दूध खुशाल पाजा. वरचे दूध मात्र या पाण्यात कालवू नका. पिण्यासाठी नळयोजनेचे तपासलेले किंवा आरओचे पाणी वापरा. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा. अंघोळीला, धुण्याला विहिरीचे पाणी चालेल.

युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्यावा, उकिरडा विहिरीपासून लांब हलवावा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी पुन्हा तपासून घ्या. नितळपणावर विसंबू नका.