सायकलवरून नर्मदेच्या खोऱ्यात



शेतकऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. ज्या काळी नांगराच्या मागे दिवसभर चालावे लागे आणि बाजार पायी गाठावा लागे, त्या काळी ते खरेही होते. आता नांगरणी ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. खाणे मात्र पूर्वीइतकेच राहिले. म्हणूनच मधुमेह आणि रक्तदाब हे शहरी म्हटले जाणारे विकार आज खेड्यातही आढळतात. यावर एक स्वस्त उपाय बहुतेकांच्या ओसरीवर धूळ खात उभा आहे. तो म्हणजे सायकल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, असे पाच दिवस सायकल चालवली की तो हिशेब पुरा होतो.

रोजच्या सवयीला एखाद्या मोठ्या फेरीची जोड मिळाली तर उत्साह टिकतो. आपल्या इंदूरच्या दक्षिणेला तशी उत्तम जागा आहे, ती म्हणजे विंध्याचा घाट आणि त्याखालचे नर्मदेचे खोरे.

रस्ता कोणता घ्यावा?

पहिला मार्ग महूवरून जातो. (महूचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले, पण बोलण्यात महूच आहे.) तेथून रस्ता जाम दरवाजाशी येतो. हा दरवाजा अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये बांधला. माळव्याचे पठार येथे संपते व खाली निमाड दिसू लागतो. पुढे घाट उतरून मंडलेश्वर आणि मग महेश्वर. इंदूरपासून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर आहे. साध्या सायकलचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरला, तर नुसते चालवण्यातच सहा-सात तास जातात.

दुसरा मार्ग सिमरोल, बलवाडा, बडवाह असा मोरटक्क्याच्या पुलाकडे आणि तेथून ओंकारेश्वरला जातो. अंतर सुमारे ८० किलोमीटर. परंतु हा खंडव्याचा हमरस्ता आहे आणि त्यावर ट्रकांची वर्दळ फार. नवख्याने हा मार्ग घेऊ नये.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा. धामनोदपर्यंत बसने जावे, सायकल टपावर बांधावी आणि तेथून महेश्वर, मंडलेश्वर असे वीसेक किलोमीटर चालवावे. रस्ता सखल भागातला आहे, नदी जवळ आहे आणि घाट लागत नाही. ज्यांनी पाच-दहा वर्षांत सायकलला हात लावलेला नाही, त्यांनी येथूनच आरंभ करावा.

वाटेत काय पाहावे?

शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवून हा रस्ता पाहिला तर एक पाठच मिळतो. घाटमाथ्याजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते. ती उत्तरेला यमुनेकडे व पुढे गंगेकडे जाते. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस नर्मदेला मिळून पश्चिम समुद्राला जातो. उतारावर जमीन मुरमाड आणि उथळ दिसते, खाली निमाडात काळी व खोल. वरची माती शतकानुशतके वाहून खाली साचली, हे त्याचे एक कारण. पठारावर सोयाबीन आणि गहू, तर खाली कापूस आणि मिरची, हा फरकही एका दिवसात नजरेत भरतो. जेथे उताराला आडवे बांध आहेत तेथील ओघळ आणि जेथे नाहीत तेथील ओघळ यांची तुलना करावी. आपल्या शेताला काय हवे ते तेथेच कळेल.

आणखी एक गोष्ट. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उचलले जाते. ही योजना १९७८ मध्ये सुरू झाली. पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि चारशे मीटरहून जास्त चढ पार करून शहरात पोहोचते. परतीच्या घाटात ज्याची छाती भरून येते, त्याला घागरभर पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

उतार हाच खरा धोका

चढात माणूस दमतो, पण उतारात जीव जातो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, महेश्वरचा नदीकाठ सुमारे १५० मीटर. हा सारा उतार ब्रेकवर पेलायचा असतो. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे रबर पाहावेत. झिजलेले असल्यास बदलावेत. चेनला तेल आणि टायरमध्ये पुरेशी हवा असावी.

२. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नये, रिम तापते. थोडे दाबावे, थोडे सोडावे. वळणाच्या आधीच वेग कमी करावा. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

३. जुन्या सायकलची लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक फारच कमी लागतो. पावसात अशी सायकल घाटात उतरवू नये, हातात धरून चालावे.

४. एकामागे एक, डाव्या बाजूने जावे. ट्रकच्या आरशात चालक दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे. मागे लाल परावर्तक आणि डोक्यावर हेल्मेट असावे. अंधारात घाट करू नये.

आरोग्याचे हिशेब

माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ४०० मीटरचा चढ चढण्यास शरीर साधारण ३४० कॅलरी खर्च करते. म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीइतके! सपाट अंतराचा खर्च त्याहून वेगळा. तेव्हा एका फेरीने पोट उतरेल अशी आशा धरू नये. खरा लाभ हृदयाला आणि रक्तातील साखरेला होतो, आणि तोही सवय नियमित असली तरच.

सीट फार खाली ठेवू नये. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, नाहीतर गुडघे दुखू लागतात.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच लांब जावे. उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच साखर खावी. छातीत दुखल्यास किंवा दडपण वाटल्यास ताबडतोब थांबून दवाखाना गाठावा.

निमाडचे ऊन कडक असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. एप्रिल-मे महिन्यांत लांबची फेरी टाळावी. पाणी थोडे थोडे पीत राहावे. फार घाम आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून घ्यावे. सोबती उन्हाने तापून असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत निजवावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

रविवारी मिस्सा आटोपून निघाल्यास घाटात पोहोचेतो ऊन डोक्यावर येते. त्यापेक्षा शनिवारी पहाटे निघावे, महेश्वरला मुक्काम करावा आणि परत येताना घाट बसने चढावा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस तोच घाट पायांनी चढता येईल. त्याची तयारी मात्र उद्या सकाळपासून, शेतापर्यंतच्या दोन किलोमीटरांनी करावी. मोटारसायकलची किल्ली खुंटीला राहू द्या आणि सायकलमध्ये हवा भरून घ्या.