मित्रबुरशीत करिअर : वाशिमच्या मुलांसाठी घराजवळचे विज्ञान

ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागली की सोयाबीनच्या शेतात शेंड्याकडच्या पानांना चिकटून मेलेल्या अळ्या दिसतात. अंग ताठ, आधी पांढरे फटक आणि दोन-तीन दिवसांनी फिकट हिरव्या भुकटीने माखलेले. हे काम फवारणीचे नसून मेटारायझियम रिलेई नावाच्या बुरशीचे असते. जुने लोक तिला नोमुरिया म्हणून ओळखतात. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात, कातडी भेदून आत शिरतात, अळी मारतात आणि पुन्हा बाहेर येऊन वाऱ्याबरोबर पुढच्या अळीवर जातात.

अशा बुरशा ओळखणे, प्रयोगशाळेत वाढवणे आणि जिवंत अवस्थेत शेतकऱ्याच्या हाती देणे हे आज एक स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे. 'नीट'मध्ये गुण कमी पडले, आता पुढे काय, या काळजीत असलेल्या घरांनी ते नीट समजून घ्यावे.

काम नेमके काय असते?

वाशिम जिल्हा सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळदीचा. तूर आणि हरभऱ्याला मर रोग लागतो, हळदीला कंदकूज, सोयाबीनला मूळकूज आणि खोडकूज. यातले बहुतेक रोग जमिनीतल्या बुरशांमुळे होतात आणि एकदा झाड सुकू लागले की फवारणीचा फारसा उपयोग राहत नाही. इथे ट्रायकोडर्मा कामी येते. ती रोगकारक बुरशीच्या आधी मुळांभोवती जागा धरते, तिच्या तंतूंना विळखा घालते आणि तिच्यावरच जगते. किडींसाठी वेगळ्या बुरशा आहेत : अळ्यांसाठी ब्युव्हेरिया, हुमणीसाठी मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली, मावा-पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींसाठी लेकॅनिसिलियम.

हे ज्ञान आजचे नाही. इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले. तीच बुरशी आज ब्युव्हेरिया बॅसियाना या नावाने विकली जाते. १८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी धान्यपिकावरच्या भुंगेऱ्यांविरुद्ध मेटारायझियम वापरण्याचा विचार मांडला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे यांनी याच बुरशीवर दीर्घकाळ संशोधन केले.

खरा तुटवडा कशाचा आहे?

बाजारात पाकिटे भरपूर आहेत. प्रश्न असतो तो आतली बुरशी जिवंत आहे का, हा. ट्रायकोडर्माच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असावेत असे मानक आहे; ब्युव्हेरिया आणि मेटारायझियमसाठी ते १० कोटी आहे. पत्र्याच्या गोदामात मे महिनाभर पडलेल्या पाकिटात त्यातले किती उरत असतील?

याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. पाकिटातली पावडर निर्जंतुक पाण्यात घालून दहापट, शंभरपट करत एक लाखपट पातळ करतात. त्यातले एक मिलीलिटर पाणी बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या माध्यमाच्या बशीत पसरतात. तीन-चार दिवसांत पांढरे ठिपके उगवून हिरवे होऊ लागतात. ते वीस मोजले, तर पाकिटात ग्रॅमला २० लाख. पाचच उगवले, तर तो माल शेतकऱ्याला देण्याजोगा नाही. भलत्याच काळ्या बुरशीचा ठिपका दिसला, तर सगळी खेप बाद.

ही मोजणी प्रामाणिकपणे करणारी आणि तिच्यावर सही करण्याची धमक असलेली माणसे या क्षेत्राला हवी आहेत. माझ्या मते या करिअरचा गाभा हाच आहे.

शिक्षणाचे मार्ग

पहिला मार्ग कृषी पदवीचा. बारावी विज्ञानानंतर सामाईक प्रवेश परीक्षा देऊन बी.एस्सी. कृषी हा चार वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. वाशिम जिल्हा १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पदवीनंतर वनस्पती रोगशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करावी.

दुसरा मार्ग सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदवीचा. जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रयोगशाळेतल्या कामासाठी ही पदवी उत्तम. मात्र राज्याच्या कृषी सेवेत अधिकारी व्हायचे असेल, तर कृषी शाखेचीच पदवी लागते. प्रवेशाआधी हा फरक लक्षात घ्या. नंतर हळहळण्यात अर्थ नसतो.

तिसरा मार्ग दहावीनंतरच्या कृषी पदविकेचा. उत्पादन केंद्रात तंत्रसहायक म्हणून किंवा गावात निविष्ठा विक्रीच्या क्षेत्रात उतरण्यासाठी तो उपयोगी आहे.

पुढे काय मिळते?

सरकारी बाजूला लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, कृषी विभागाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळा आणि कृषी विज्ञान केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्याचे केंद्र रिसोड तालुक्यात करडा येथे आहे. तिथे विषय विशेषज्ञ व्हायचे तर एम.एस्सी. हवी. संशोधनाची ओढ असलेल्यांनी कृषी वैज्ञानिकांच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी करावी. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था याच विषयातली देशातली महत्त्वाची संस्था आहे. खासगी बाजूला जैविक निविष्ठा कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि शेतावरच्या चाचण्या अशी कामे असतात.

स्वतःचा व्यवसायही शक्य आहे. कृषी पदवीधरांसाठी केंद्राची 'अ‍ॅग्री क्लिनिक आणि अ‍ॅग्री बिझनेस सेंटर' योजना २००२ पासून आहे. तिच्यात ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण असून बँक कर्जाशी जोडलेले अनुदान ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के आहे. मात्र जैविक कीडनाशकांनाही १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होतो. नोंदणी आणि परवान्याशिवाय पाकिटे भरून विकणे हा गुन्हा आहे, हे पहिल्या दिवशीच पक्के करा.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*शेतीच करायची होती, तर शिकवले कशाला?* हे शिक्षण शेतीतल्या विज्ञानाचे आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. कमी विषारी पर्याय शास्त्रशुद्ध रीतीने गावात आणणारा मुलगा किंवा मुलगी केवळ स्वतःचे पोट भरत नाही, गावातल्या माणसांचा जीवही वाचवते.

*पगार किती मिळेल?* खासगी नोकरीत सुरुवात बेताची असते. एम.एस्सी. आणि दोन-तीन वर्षांचा प्रयोगशाळेचा अनुभव हाताशी आला की स्थिती सुधारते. झटपट पैसा हवा असेल, तर हे क्षेत्र निवडू नये.

*मुलीला जमेल का?* नक्की जमेल. स्वच्छता, चिकाटी आणि नोंदवही ही या कामाची तीन हत्यारे आहेत.

*सगळी रासायनिक औषधे बंद होणार का?* नाही. बुरशीला ओलावा आणि साधारण २५ ते ३० अंशांचे तापमान लागते, कीड मरायला काही दिवस जातात, कडक उन्हात फवारणी वाया जाते. केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये हे सांगणारा सल्लागार म्हणूनच हवा असतो.

या वर्षी एवढे करा

रब्बीत घरच्या हरभऱ्याला बीजप्रक्रिया स्वतः करा. खात्रीच्या ठिकाणची ट्रायकोडर्मा घ्या, पाकिटावरची नोंदणी आणि अंतिम तारीख वाचा, लेबलवरच्या मात्रेने बियाण्याला चोळा आणि सावलीत सुकवा. रासायनिक बुरशीनाशकात ती मिसळू नका. दोन ओळी बीजप्रक्रियेविना ठेवा. मर लागलेली झाडे दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. हंगामाच्या शेवटी ती वही घेऊन करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि तिथल्या तज्ज्ञांना प्रश्न विचारा.

पालकांनो, मुलाला त्या दोन ओळींची जागा द्या आणि हंगामभर त्याची वही पाहत राहा. त्या नोंदींत त्याचे मन रमले, तर या शाखेत त्याला निर्धास्तपणे पाठवा. नाही रमले, तर आग्रह धरू नका. एका हंगामात कळलेली ही गोष्ट चार वर्षांची फी वाचवील.