रुळाखालच्या तारा

अगं, शिवनेरीचे कडे रंगवायचं काम जरा बाजूला ठेव. फोटो पाहिले, उन्हातला कातळ अगदी हुबेहूब उतरलाय. पण फळीच्या खालच्या बाजूचा एकही फोटो तू पाठवला नाहीस, आणि मला तोच बघायचा होता. माडीवर तीन भिंतींना लागून मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी मॉडेल रेल्वेची तीन स्टेशनं उभी करायची म्हणतेस. आपल्या जुन्नर-आंबेगावात रुळाचा तुकडा नाही, म्हणून घरात तरी गाडी आणायची, ही तुझी जिद्द मला मनापासून आवडते. पुणे-नाशिकची ती साधारण २३५ किलोमीटरची लाइन आपण किती वर्षं ऐकतोय. ताशी २०० च्या वेगाने गाडी जाणार म्हणून गावोगाव मोजण्या झाल्या आणि मग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी सगळं अडलं. तुझ्याकडे तरी ती धावू दे. आणि नीट धावायची असेल, तर आता महिनाभर डोंगर, झाडं, घरं सगळं विसर. फक्त तारा.

डीसीसी, म्हणजे डिजिटल हुकुमांनी गाड्या चालवायची पद्धत, तिला दोनच तारा, जोडा आणि चालवा, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. गोल रुळावर एक इंजिन फिरवायचं असेल तर ते खरंही आहे. जुन्या पद्धतीत रुळात जेवढा व्होल्टेज सोडू तेवढ्या वेगाने गाडी पळायची, त्यामुळे दोन गाड्या वेगळ्या चालवायच्या तर रूळ तोडून ब्लॉक करावे लागायचे आणि ढीगभर स्विच लागायचे. डीसीसीत रुळात पूर्ण व्होल्टेज कायम असतो, आपल्या एचओ मापाला साधारण १४-१५ व्होल्ट. त्याच विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच हुकूम दडलेला असतो. अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर एक, १०० किंवा जास्त असेल तर शून्य. प्रत्येक इंजिनातला डीकोडर हे वाचतो आणि आपल्या पत्त्यावर आलेलाच हुकूम पाळतो. म्हणजे बघ, तुझ्या रुळातून ताकद आणि निरोप एकत्र जातात. तार बारीक असली, सांधा कच्चा असला, की गाडी नुसती हळू होत नाही, तिला ऐकूच येईनासं होतं. मग ती मध्येच थांबते, दिवे लुकलुकतात, आणि आपण उगाच इंजिन खोलून बसतो.

म्हणून फळीखालून सगळीकडे जाणारी मुख्य तारांची जोडी, जिला बस म्हणतात, ती जाड घे. अडीच चौरस एमएमची वायर, मल्टिस्ट्रँड, एक लाल आणि एक काळी. नारायणगावात मोटार वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल. तुझ्याकडे अर्ध्या एमएमची दोन बंडलं पडली आहेत, ठाऊक आहे मला, पण हिशेब कर. बूस्टर, म्हणजे रुळात वीज सोडणारी पेटी, तिच्यापासून शेवटचं टोक दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार झाली. पाच अँपिअर ओढले तर अडीचच्या तारेत पाऊण व्होल्टही पडत नाही. अर्ध्याच्या तारेत जवळजवळ साडेतीन व्होल्ट जातात. कुकडीच्या कालव्याचं पाणी जसं शेवटच्या टेलवाल्यांपर्यंत पुरेसं पोचत नाही, तसंच तुझ्या आळेफाट्याचं होईल. बूस्टरही मंचरच्या कोपऱ्यात ठेवू नकोस, मधे नारायणगावाखाली ठेव, म्हणजे दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं. ती अर्ध्याची बंडलं वाया जाणार नाहीत. बसपासून रुळापर्यंत ज्या छोट्या तारा, म्हणजे फीडर, त्यांना तीच चालेल. फक्त फीडर वीतभरच ठेव.

आणि फीडर किती, तर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला. हो, प्रत्येक. दोन तुकडे जोडणारी ती पत्र्याची फिशप्लेट वीज पोचवेल या भरवशावर राहायचं नाही. पहिलं वर्ष ती पोचवते. मग आपल्याकडचा पावसाळा येतो, माळशेजकडून आलेला दमटपणा माडीत शिरतो, पत्र्यावर थर चढतो, आणि भाद्रपदात गाडी अडखळायला लागते.

आता डाख द्यायचं. तू घाबरतेस ते यालाच ना? रुळाची बाहेरची बाजू बारीक फाइलने नखाएवढी चकाकवून घे. राळेचा फ्लक्स लाव. कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड अजिबात नाही, ते वर्षभरात तार खाऊन टाकतं. रुळावर थोडं सोल्डर आधी चढव, तारेच्या टोकालाही चढव, मग तार टेकवून वर तापलेलं टोक ठेव. दोन-तीन सेकंदांत दोन्हीकडचं एकमेकांत वितळून चमकतं, की हात काढ. जास्त वेळ धरलंस तर प्लॅस्टिकचे स्लीपर वाकतात आणि १६.५ मिलिमीटरचं गेज बिघडतं. डाखेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की ती भीती राहत नाही. पहिले दहा-बारा सांधे टाकाऊ तुकड्यावर कर, हात बसतो.

प्रत्येक फीडर जोडला की लगेच मल्टिमीटर लाव, दोन रुळांत शॉर्ट नाही ना बघ, आणि मगच पुढचा. चाळीस फीडर जोडून शेवटी शॉर्ट शोधणं म्हणजे रात्र रात्र फळीखाली पाठ टेकून पडणं. लाल तार भिंतीकडच्या रुळाला, काळी आपल्याकडच्या रुळाला, हे एकदा ठरलं की सगळीकडे तेच.

मग नाण्याची परीक्षा. ही मात्र चुकवू नकोस, मला शब्द दे. सगळं चालू करून पाच रुपयांचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर ताबडतोब बंद पडला पाहिजे. नाणं उचललं की परत सुरू. असं वावभर अंतरावर ठेवत ठेवत शेवटच्या टोकापर्यंत जायचं. जिथे नाणं ठेवूनही बूस्टर बंद पडत नाही, तिथे तारांचा अडथळा इतका जास्त आहे की शॉर्ट झालेलं बूस्टरला कळतच नाही. अशा जागी एखादा डबा रुळावरून घसरला, तर पाच अँपिअर तिथेच वाहत राहतात, चाक तापतं, प्लॅस्टिक वितळतं. पंधरा व्होल्टला काय होतंय, असं म्हणू नकोस. झटका बसणार नाही, पण चटका नक्की बसेल, आणि माडीला लाकडी तक्तपोशी आहे.

तिन्ही स्टेशनं वेगवेगळ्या सर्किट ब्रेकरवर टाक. मंचरला गाडी घसरली तर आळेफाट्याची थांबायला नको. पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांच्या, मोटारींना वेगळी जोडी दे, रुळाच्या बसवर घालू नकोस. कारण पॉइंट चुकीचा पडल्यामुळे शॉर्ट झालं, तर तोच पॉइंट सरळ करायला वीज लागणार ना!

शेवटच्या टोकाला गाडी वळून परत यावी म्हणून तू जो लूप काढलायस, तिथे डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो. म्हणजे ठरलेलं शॉर्ट. त्या लूपच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकच्या फिशप्लेटा घाल आणि मधला भाग वीज आपोआप उलटवणाऱ्या ऑटो-रिव्हर्सरवर दे. कापलेला भाग तुझ्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. तू आठ डब्यांची गाडी म्हणत होतीस, आत्ताच पट्टी लावून मोज. कमी भरत असेल तर रूळ ठोकायच्या आधी लूप मोठा कर.

एक गोष्ट आपल्याच भागातली, ती बाहेरचं कुणी सांगणार नाही. खोडद आपल्यापासून कितीसं लांब? जीएमआरटीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकत असतात. डीसीसीची वीज झटक्याझटक्याने उलटते, त्यामुळे तिच्यातून थोडा रेडिओ गोंगाट निघतोच, आणि दोन लांब, एकमेकींपासून दूर ताणलेल्या तारा तो बाहेर फेकतात. तुझ्या माडीने दुर्बीण बंद पडणार नाही, पण शेजारधर्म म्हणून तरी लाल-काळी एकमेकींना पीळ देऊन ने, फुटाला तीनेक वेढे पुरेत. यात तुझाही फायदा आहे. पिळलेल्या तारांत व्होल्टेजच्या उसळ्या कमी येतात आणि डीकोडर वाचतात. हातातला कंट्रोलर वायरचाच घे. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त बिनतारी रिमोट मिळतात, ते नकोत, कारण २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा ही दुर्बीण ऐकते. डॉ. गोविंद स्वरूपांनी हे काम उभं करायला खोडद निवडलं, याचा आपल्याला अभिमान वाटतो ना, मग एवढं करूच आपण. रेल्वे अडली म्हणून लोकांचा राग दुर्बिणीवर निघतो तेव्हा मला वाईट वाटतं. गाडीही हवी आणि दुर्बीणही हवी, असं मी दोन्ही तालुक्यांत कुणालाही सांगेन.

आता मनातलं बोलते. जावईबापू म्हणाले, वायरिंग आपल्या पंपाच्या वायरमनकडून करून घेऊ, एका दिवसात उरकेल. ते प्रेमानेच म्हणाले. पण तू ऐकू नकोस. तो माणूस त्याच्या कामात तरबेज आहे, पण सहा महिन्यांनी नारायणगावच्या तिसऱ्या लाइनवर गाडी थांबली, तर कुठली तार कुठे गेली हे कुणाला ठाऊक असणार? त्याला बोलावायचं, त्याची वाट बघायची, आणि तुझा छंद दुसऱ्याच्या सवडीवर जाणार. आपण मुली शिवण, स्वयंपाक, हिशेब सगळं हाताने शिकलो, आणि तारा म्हटलं की मागे सरतो, कारण लहानपणी फ्यूज बांधताना आपल्याला लांब उभं केलं. तुझ्या हाताने केलंस तर डोळे मिटूनही बोट नेमकं ठेवशील. भिंतीतल्या सॉकेटपासून पुढचं २३० व्होल्टचं काम आणि अर्थिंग मात्र त्या वायरमनकडूनच कर, तिथे धाडस नको. लाइट जायचं-यायचं चालूच असतं, तेव्हा हुकूम पाठवणाऱ्या कमांड स्टेशनला छोटा इन्व्हर्टरही दे.

एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक फीडरला नंबर, तारेवर कागदाची चिठ्ठी आणि वर पारदर्शक टेप, वहीत तोच नंबर आणि तारीख. खाली कांद्याची साठवण आहे म्हणजे उंदीर येणारच, तेव्हा तारा फळीखाली लोंबत्या ठेवू नकोस, पट्टीत बसव.

आणि हो, नवीन इंजिनांचा डीकोडर ३ नंबरच्या पत्त्यावर येतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवलीस तर दोन्ही एकत्र पळतील. एकेक करून प्रोग्रामिंगच्या रुळावर घे, इंजिनावर लिहिलेला नंबरच पत्ता म्हणून दे.

पुण्याला आलीस की कर्वे रोडजवळ भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून ये, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. गाड्या तर बघशीलच, पण ज्या टेबलावरून त्या चालवतात तिथे थोडं रेंगाळ, विचार, लाजू नकोस.

दिवाळीत मी येतेच आहे. तोवर मंचर ते नारायणगाव एवढाच भाग फीडरसकट पुरा कर आणि त्याची नाण्याची परीक्षा करून मला कळव. पॉइंटच्या फ्रॉगना, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यांना, अजून हात लावू नकोस. ते आपण दोघी मिळून करू, मी माझं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि फ्रॉगचे रिले घेऊन येते.