आधी तास दाखवा, मग पैसे मागा

वापरलेली एसएसडी मला नवी म्हणून विकली गेली. कोल्हापुरात, भर बाजारात, पक्क्या बिलावर. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण झालं ते स्पष्ट लिहितो, कारण त्या दुकानदारानं नंतर चार लोकांत सांगितलं की ‘काकांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही’. राधानगरीत टायपिंग आणि फॉर्म भरण्याचं काम मी किती वर्षं करतोय ते इथल्या कुणालाही विचारा. सातबारा, पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, पोरांचे प्रवेश अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मला कळतं.

दुकानात जाताना चिठ्ठीवर बोर्डाचा नंबर लिहून नेला होता. एच८१ चिपसेट, चौथ्या पिढीचा प्रोसेसर. तरी त्यानं आधी एनव्हीएमई पुढं केली. ‘ही घ्या, दहापट फास्ट.’ माझ्या बोर्डाला एम.२ ची खाचच नाही, ती कुठं बसवायची? चिठ्ठी दाखवली तेव्हा म्हणाला, मग मशीनच नवं घ्या, विंडोज १० बंद झालं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले, आणि माझ्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, हे दोन्ही खरं. पण नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, हे तो बोलला नाही. अडीच इंची साटा एसएसडी उद्याच्या नव्या डेस्कटॉपलाही लावता येते, हेही नाही. मी साटाच मागितली, ४८० जीबीची. त्यानं आतून आणली. खोक्याला सील होतं की नव्हतं हे बघायच्या आत मशीन उघडून फिटिंग सुरू झालं होतं.

घरी आल्यावर वेग मोजला तर वाचनाचा आकडा २७० एमबीच्या आसपास. साटा एसएसडी पाचशेच्या वर जायला हवी. कॅबिनेट उघडलं. एच८१ च्या बोर्डावर बहुधा चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. त्यानं नवी ड्राइव्ह ३ च्या पोर्टात लावली होती, आणि माझी जुनी हार्ड डिस्क, जिला तो वेग कधीच लागत नाही, ती ६ च्या पोर्टात तशीच ठेवली होती. ड्राइव्हला ब्रॅकेट नाही, एक स्क्रू नाही, वायरीला लोंबकळत होती. याला त्यानं फिटिंग म्हणून वेगळे पैसे घेतले. केबल ६ च्या पोर्टात लावली, वेग आला.

मग सहज म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ड्राइव्हच्या पोटातली नोंद दाखवतं. ‘पॉवर ऑन अवर्स’ पुढचा आकडा नऊ हजारांच्या वर होता. मी चष्मा पुसला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा बघितलं. तोच आकडा. नऊ हजार तास म्हणजे वर्षभराहून जास्त काळ, दिवसरात्र. दुपारी विकत घेतलेली वस्तू कुणाच्या तरी ऑफिसात नाहीतर कॅमेऱ्याच्या मशीनला वर्षभर राबून आली होती. अंगाचा तिळपापड झाला. पैशापेक्षा राग याचा, की त्या ड्राइव्हवर मी लोकांची कागदपत्रं ठेवणार होतो.

फोन केला.

‘काका, ते कंपनीतलं टेस्टिंग असतंय.’

‘नऊ हजार तासांचं टेस्टिंग?’

‘सगळ्याच ड्राइव्हला दाखवतंय तसं. चालतीय न्हवं? मग झालं की.’

हे धादांत खोटं आहे. नव्या ड्राइव्हवर तासांचा आकडा शून्य किंवा अगदी थोडा असतो.

दुसऱ्या दिवशी भोगावती, हळदी करत पुन्हा कोल्हापूर. त्यानं बिलाच्या तळाशी बोट ठेवलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मी त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगितला. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही’ हा त्याचा पुढचा डाव. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्यात ग्राहकच धरलाय. तक्रार स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी तिथंच उभं राहून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावला, तेव्हा आतून सीलबंद खोकं आलं. दिलगिरीचा एक शब्द नाही. फिटिंगचे पैसे आजही परत नाहीत.

तेव्हा राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडनं खरेदीला जाणाऱ्यांनो, सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि पैसे देण्याआधी दुकानाच्याच मशीनवर तास आणि एकूण लिहिलेला डेटा बघा. पडद्याचा फोटो काढा. हलक्या ड्राइव्हचा आकडा पुसूनही विकतात, म्हणून साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्क्रूच्या भोकांत ओरखडे आहेत का तेही बघा. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. ४८० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४४७ दिसते, ती मोजणीची पद्धत आहे, त्यावरून भांडू नका. एम.२ ची खाच असली तरी ती साटा घेते की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. आकार सारखा असला तरी चुकीची ड्राइव्ह दिसतच नाही. फॉर्म आणि टायपिंगच्या कामाला साटा आणि एनव्हीएमईतला फरक जाणवत नाही, उगाच जास्त पैसे घालू नका.

बसवताना वीज काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग ड्राइव्ह धरा, बायोसमध्ये एएचसीआय आहे ना ते पाहा. डीफ्रॅगचं वेगळं सॉफ्टवेअर चालवू नका.

आणि यूपीएस लावा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात त्या दिवसांत इकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. यूपीएस असला तरी नक्कल हवीच. जुनी हार्ड डिस्क बिघडताना बहुधा कुरकुरते, फाइल उघडायला वेळ लावते. एसएसडी बऱ्याचदा काहीच न दाखवता जाते, आणि तिच्यावरून पुसलेलं परत मिळणं जवळपास अशक्य. जुनी डिस्क विकू नका, तिच्यावर रोजची नक्कल ठेवा. ओळखीचं दुकान बरं, पण ओळखीच्या दुकानातसुद्धा जीएसटीचं बिल घ्या.

असा माल कुणाच्या गळ्यात मारला गेला असेल तर बिल आणि पडद्याचा फोटो घेऊन राधानगरीला या. तक्रारीचा अर्ज मी फुकट टाईप करून देईन.