रुमालाच्या टोकावरचे दोन थेंब

चि. मुक्तास,


आजीसाठी लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली मागवलीस, असे कळले. डायलिसिसच्या आदल्या रात्री आजीचा डोळ्याला डोळा लागत नाही, हे घरात सर्वांआधी तुझ्याच लक्षात आले. बाटलीचे बूच उघडण्याआधी मात्र एवढे वाच.

‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ केले फ्रान्सच्या रेने-मोरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञाने. प्रयोगशाळेत भाजल्यावर त्याने जखमांवर लॅव्हेंडर वापरले होते. या विषयावरचे त्याचे पुस्तक १९३७ साली निघाले. आजीच्या बाबतीत मात्र काम कातडीचे नाही, नाकाचे आहे. वासाची वर्दी मेंदूतल्या भीती आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने जाते. जपानच्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांना लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा वास दिला, तेव्हा त्यांची घबराट कमी झाली. ज्या उंदरांची वासाची जाणीवच गेली होती, त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

माणसांचे काय? तुर्कस्तान आणि इराणमध्ये डायलिसिसच्या रुग्णांवर असे प्रयोग झाले आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी चिंता थोडी उतरलेली दिसली. पण हे प्रयोग लहान होते. शिवाय वास लपवता येत नाही, त्यामुळे गुण तेलाचा किती आणि ‘आता बरे वाटेल’ या आशेचा किती, ते वेगळे काढणे अवघड. म्हणून आजीला घटकाभराच्या उसंतीपलीकडे कसलाही शब्द देऊ नकोस. गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच चालू राहतील.

रुमालाच्या टोकावर एक-दोन थेंब पुरेत. वॉर्डात डिफ्यूझर नको. शेजारच्या खाटेवर दम्याचा रुग्ण असला, तर उग्र वासाने त्याची छाती भरून येईल. तेल पोटात कधीच द्यायचे नाही. पाय चोळायचे असतील तर ३० मिली तिळाच्या तेलात सहा थेंब, त्याहून जास्त नको. डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हाताला मात्र तेलाचे बोटसुद्धा लागू देऊ नकोस, आणि नर्सबाईंना आधी विचार.

सगळ्यात महत्त्वाचे, आजीलाही विचार. मूत्रपिंडे थकली की तोंडाची चव बदलते, पुष्कळांना वासानेच मळमळते. तिने लॅव्हेंडरचे शेत कधी पाहिलेले नाही. माठातला वाळा मात्र आयुष्यभर हुंगला आहे. मंगळवारी दुसऱ्या रुमालात वाळ्याच्या चार काड्या बांधून ने, आणि दोन्ही रुमालांपैकी ती कोणता हातात धरून ठेवते ते कळव.

तुझी,
मावशी