केसांचा रंग आणि माणसाचे कूळ

१. एक कोडे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, पॅसिफिक महासागरात, सॉलोमन बेटे पसरलेली आहेत. १५६८ साली स्पॅनिश दर्यावर्दी अल्वारो दे मेंदान्या तेथे पोचला. १९७८ साली ही बेटे स्वतंत्र राष्ट्र झाली. तेथील लोकांची त्वचा अतिशय गडद असते. आफ्रिकेबाहेर इतकी गडद त्वचा क्वचितच आढळते. परंतु याच लोकांत शंभरांपैकी पाच ते दहा जणांचे केस चक्क सोनेरी असतात, आणि लहान मुलांत ते विशेष उठून दिसतात.

हे केस सोनेरी का झाले, याची तीन उत्तरे पूर्वी दिली जात. कोणी म्हणत, प्रखर ऊन आणि खारे पाणी यांमुळे रंग उडतो. कोणी म्हणत, हा मासे खाण्याचा परिणाम. तिसरे उत्तर असे, की यूरोपातून आलेल्या खलाशांचे रक्त या लोकांत मिसळले असावे. या तिसऱ्या उत्तरामागे एक समजूत दडलेली होती: सोनेरी केस म्हणजे यूरोपाचा वारसा. ती समजूत कितपत खरी आहे, हे या पाठात पाहू.

२. रंग येतो कोठून?

आपल्याला दिसणारा केस हा निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू होय. सजीव भाग असतो तो त्वचेखाली, केसाच्या मुळाशी. तेथील रंजकपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि ते वाढत्या केसात भरले जाते. मेलॅनिनचे मुख्य प्रकार दोन: यूमेलॅनिन हे काळे-तपकिरी, तर फिओमेलॅनिन हे तांबूस-पिवळसर. पहिले विपुल असले म्हणजे केस काळा होतो. दुसऱ्याचे प्रमाण वाढले म्हणजे तांबडा होतो. सोनेरी केसात सोनेरी असा निराळा रंग नसतो; त्यात रंगद्रव्यच थोडे असते. दाट शाईत पाणी घालीत गेल्यास ती फिकी होते, तसाच हा प्रकार. उतारवयात रंजकपेशींचे काम थांबले, की नवा केस रंगाविनाच उगवतो आणि पांढरा दिसतो.

मात्र केसांतील प्रत्येक फरक आनुवंशिक असतो असे नाही. सिसिली विल्यम्स या महिला डॉक्टरांनी १९३३ साली पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील बालकांच्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला क्वाशिओरकोर म्हणतात. या कुपोषणाच्या विकारात काळे केस विरळ, निस्तेज व तांबूस होतात, आणि पोषण सुधारल्यावर पुन्हा काळे केस उगवू लागतात. आपल्या देशातही एखाद्या मुलाचे काळे केस असे फिके पडू लागले, तर शिक्षकाने त्याच्या कुळापेक्षा त्याच्या आहाराची चौकशी आधी करावी, हे उत्तम.

३. सॉलोमन बेटांचे उत्तर

२०१२ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने या कोड्याचा उलगडा केला. त्यांनी ४३ सोनेरी केसांच्या आणि ४२ गडद केसांच्या बेटवासीयांची आनुवंशिक सामग्री ताडून पाहिली. नवव्या गुणसूत्रावरील एकाच ठिकाणी दोन्ही गटांत ठळक भेद आढळला. तेथे ‘टीवायआरपी १’ नावाचे जनुक आहे. मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत भाग घेणारे एक प्रथिन या जनुकाच्या आज्ञेने घडते. सोनेरी केसांच्या लोकांत या जनुकातील एक अक्षर बदललेले होते. परिणामी, प्रथिनाच्या साखळीतील ९३ व्या स्थानी आर्जिनीनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक मातेकडून, दुसरी पित्याकडून. हा बदल अप्रभावी आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तरच केस सोनेरी होतात. म्हणून काळ्या केसांच्या आईबापांना सोनेरी केसांचे मूल होऊ शकते. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरून जो नियम १८६६ साली मांडला, तोच हा नियम होय.

आता थोडे गणित करू. या बेटांवर जनुकाच्या १०० प्रतींपैकी सुमारे २६ प्रती बदललेल्या आढळल्या. दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता ०·२६ × ०·२६, म्हणजे सुमारे ०·०७. याचा अर्थ, शंभरांत सात जण सोनेरी केसांचे असावेत. प्रत्यक्षातही पाच ते दहाच आढळतात! एकच प्रत बदललेली असण्याची शक्यता २ × ०·२६ × ०·७४, म्हणजे सुमारे ०·३८. शंभरांपैकी सुमारे ३८ जण काळ्या केसांआड हा वारसा बाळगून असतात, आणि त्यांना त्याची वार्ताही नसते.

आणि खलाशांचे काय? हा बदल यूरोपीय लोकांत आढळला नाही. तो ओशनियातच उगम पावला. सॉलोमन बेटांतील सोनेरी केस उसने आणलेले नाहीत.

४. रंग एक, वाटा अनेक

उत्तर यूरोपातील सोनेरी केसांचे एक कारण २०१४ साली स्पष्ट झाले. बाराव्या गुणसूत्रावर ‘केआयटीएलजी’ नावाचे जनुक आहे. रंजकपेशींच्या पोषणासाठी ते आवश्यक असते. रक्तपेशी घडविण्यातही त्याचा वाटा असतो. असे जनुकच बिघडले, तर शरीराची मोठी हानी होईल. पण यूरोपातील बदल जनुकात नाही. तो तेथून सुमारे साडेतीन लक्ष अक्षरे दूर असलेल्या एका नियंत्रक भागात आहे. घरातील इतर दिवे तसेच ठेवून एकाच खोलीतील दिवा मंद करावा, त्याप्रमाणे हा बदल केसांच्या मुळाशीच जनुकाचे कार्य किंचित मंदावतो.

तांबड्या केसांची कथा आणखी निराळी. १९९५ साली त्यांचा संबंध सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एमसी १ आर’ या जनुकाशी जोडला गेला. रंजकपेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राहक प्रथिन या जनुकामुळे घडते. त्याला संदेश मिळाला, की पेशी काळे रंगद्रव्य करू लागते. ग्राहक दुबळा असला, की तांबूस द्रव्यच अधिक होते. २००७ साली स्पेन व इटली येथील निअँडरथल मानवाच्या अवशेषांतही याच जनुकाचा एक दुबळा प्रकार सापडला. काही निअँडरथल तांबड्या केसांचे असावेत, असे अनुमान त्यावरून निघाले.

यूरोपीय कुळातील लोकांच्या केसांच्या छटा मात्र एका-दोन जनुकांनी ठरत नाहीत. २०१८ सालच्या एका व्यापक अभ्यासात त्यांच्याशी निगडित अशी १०० हून अधिक स्थाने मिळाली.

५. बदल पसरतात कसे?

जनुकांच्या नकला होत असताना क्वचित एखादे अक्षर चुकते. अशी चूक हितकारक ठरली, तर नैसर्गिक निवडीने ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. घातक ठरली, तर मागे पडते. पण हित वा अहित काहीच न करणारा बदलही केवळ योगायोगाने पसरू शकतो. लहान बेटावर मोजकीच माणसे येऊन राहिली आणि त्यांतील एक-दोघांजवळ तो बदल असला, तर पुढील पिढ्यांत त्याचे प्रमाण सहज वाढते. त्यामुळे सोनेरी केस अधिक आढळले, म्हणून ते श्रेष्ठ होत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

६. एक कटू धडा

ही सावधगिरी अनाठायी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाने क्रमवार रंगांच्या बटा लावलेली केसांची रंगपट्टी तयार केली. १९०८ साली तो आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे गेला, तेथील मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे त्याने घेतली, आणि त्यांवरून वंशावंशांतील उच्चनीचतेचे सिद्धांत मांडले. पुढे नाझी राजवटीने अशा विचारांचा आधार घेतला. १९३७ साली जर्मनीच्या राइनलँड भागातील मिश्र वंशाच्या शेकडो मुलांवर सक्तीने नसबंदी करण्यात आली. केसाची छटा मोजणे हा गुन्हा नव्हे. त्या छटेवरून माणसाची योग्यता ठरविणे, हा विज्ञानाच्या नावाने केलेला घोर अन्याय होता.

सॉलोमन बेटांवरील सोनेरी केसांचे मूल आणि स्वीडनमधील सोनेरी केसांचे मूल यांच्या केसांचा रंग सारखा दिसतो, पण त्यांची कारणे भिन्न आहेत. उलट, त्या बेटांवरील एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाचे केस काळे, दुसऱ्याचे सोनेरी असू शकतात. केसांच्या रंगावरून कूळ ओळखू पाहणाऱ्याची दोन्हीकडे फसगत होते.

विचारार्थ प्रश्न

१. सॉलोमन बेटांवरील एका दांपत्याचे केस काळे आहेत, पण दोघांजवळही बदललेली एकेक प्रत आहे. त्यांच्या प्रत्येक अपत्याचे केस सोनेरी असण्याची शक्यता किती?
२. एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या भावंडांच्या केसांचे रंग भिन्न असतील, तर ऊन व मासे यांविषयीच्या जुन्या उत्तरांबद्दल काय म्हणता येईल?
३. दोन माणसांच्या केसांचा रंग सारखा असूनही त्याची कारणे भिन्न असू शकतात. या पाठातील उदाहरणे देऊन हे स्पष्ट करा.