वरून येणारे साह्य आणि आपली घरपट्टी

अंधेरी, बोरिवली व कुर्ला ह्या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात जमीनधारकास दोन दारी देणे द्यावे लागते. शेताचा सारा तलाठ्याकडे भरावयाचा, आणि घराची पट्टी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात. घाटकोपर व मुलुंड येथील आमचे बंधू कुर्ला तालुक्यात मोडतात. त्यांची स्थितीही हीच. सरकारी साह्याची घोषणा झाली की ह्या दोन्ही देण्यांचा भार हलका होणार, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे.

साऱ्याची गोष्ट सोपी. आकार जमाबंदीत ठरलेला असतो. पीक बुडाले तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 78 अन्वये सरकार तो महसूल कमी करते, तहकूब करते किंवा माफ करते. तहकुबी आणि माफी ह्यांतील भेद ज्यास कळला नाही त्याची पुढील हंगामात फजिती होते, हे महसुली दप्तरात काम केलेल्या कोणाही कारकुनास ठाऊक आहे. माणूस निश्चिंत होऊन घरी जातो, आणि पुढील साली दोन वर्षांची बाकी दारात उभी राहते. तथापि दोन्ही प्रकारांत साऱ्याचा दर जागचा हलत नाही. हलते ती वसुली.

घरपट्टीचे तसे नाही. महानगरपालिका वर्षाचा खर्च मांडते, इतर मार्गांनी येणारे उत्पन्न त्यातून वजा करते, आणि जी तूट राहील तिचा मोठा भार घरांवर व इमारतींवर येतो. म्हणून इतर उत्पन्न वाढले वा घटले की त्याचा धक्का आज ना उद्या घरपट्टीस लागावयाचाच.

हे इतर उत्पन्न पूर्वी मुख्यतः जकातीचे होते. दहिसर व मुलुंड येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस तिची व्याप्ती निराळी सांगावयास नको. दिनांक 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला आणि जकात बंद झाली. त्याच वर्षी राज्याने स्थानिक प्राधिकरणांस भरपाई देण्याचा अधिनियम केला. सन 2016-17 चे उत्पन्न पाया धरून त्यावर दरसाल शेकडा 8 प्रमाणे चक्रवाढीने वाढ द्यावयाची, असा त्याचा हिशेब आहे. जुलै 2017 चा पहिला हप्ता सुमारे 647 कोटी रुपयांचा होता.

आता अंदाजपत्रकातील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. सन 2025-26 च्या अंदाजात ही भरपाई 14,398 कोटी रुपये धरली होती, आणि मालमत्ता कर 5,200 कोटी. म्हणजे घरपट्टीच्या पावणेतीन पटींहून अधिक रक्कम राज्याच्या खजिन्यातून येते. समजा ती आली नाही, आणि सारी तूट घरपट्टीनेच भरून काढावयाची झाली, तर आज 1,000 रुपये भरणाऱ्यास सुमारे 3,770 रुपये भरावे लागतील. असे एका वर्षात कोणी करणार नाही, हे आम्ही जाणतो. खर्च कापतील, ठेवी मोडतील, दुसरे कर शोधतील. परंतु आपली घरपट्टी कशाच्या आधाराने आजच्या पातळीवर उभी आहे, ते ह्या त्रैराशिकावरून दिसते.

हा आधार दुमजली होता. महानगरपालिकेस राज्य भरपाई देते, आणि राज्यास केंद्र सरकार देत असे. राज्यांस सन 2015-16 च्या पायावर शेकडा 14 वाढीची हमी पाच वर्षांपुरती होती. कोरोनाच्या साथीत बाजार थंडावला, भरपाईसाठी बसविलेला उपकर अपुरा पडला, तेव्हा केंद्राने कर्ज काढून 2020-21 मध्ये 1 लाख 10 हजार कोटी व 2021-22 मध्ये 1 लाख 59 हजार कोटी रुपये राज्यांस दिले. त्या कर्जाच्या फेडीसाठी उपकराची मुदत पुढे वाढवावी लागली. म्हणजे साह्य म्हणून जे आले, तेही शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून फेडले गेले. 30 जून 2022 रोजी केंद्राची हमी संपली. वरचा मजला गेला; खालचा राज्याच्या स्वतःच्या बळावर उभा आहे.

ह्याच काळात घरपट्टीत जी नरमाई दिसली तिच्याकडे आता वळू. सन 2010 पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आकारणी होते, आणि त्या मूल्याची फेरआकारणी दर पाच वर्षांनी व्हावयाची असते. ती 2020 मध्ये यावयाची होती; साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. पुष्कळांनी हिला सूट मानले. आमच्या मते तिचे स्वरूप तहकुबीचे आहे. मागील वर्षांचा फरक कोणी मागितला नाही तरी जमिनीचे बाजारमूल्य थांबून राहत नाही, आणि पायरी पायरीने चढावयाची वाढ एकाच उंच पायरीने समोर येण्याचा संभव राहतो.

खरी माफी निराळी. 46.45 चौरस मीटर, म्हणजे 500 चौरस फूट, क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांस 2019 मध्ये केवळ सर्वसाधारण कर माफ झाला होता. जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर ही बाकीची कलमे बिलात तशीच राहिल्याने लोकांचा हिरमोड झाला. 1 जानेवारी 2022 पासून संपूर्ण मालमत्ता कर माफ करण्यात आला, आणि सुमारे 16 लाख घरांस त्याचा लाभ झाला. गावठाणातील कित्येक लहान घरे तीत बसतात. मात्र ही माफी निवासापुरती आहे. ओटीवर दुकान काढले किंवा खोली गोदामास दिली तर तेवढ्या भागाची गणना निवासात होत नाही.

केंद्राच्या साह्याचा आणखी एक प्रकार असा की जो कर कमी करू देत नाही, उलट नीट वसूल करावयास लावतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 ह्या मुदतीत नागरी स्थानिक संस्थांसाठी 1,21,055 कोटी रुपयांची शिफारस केली, परंतु अट घातली ती अशी: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावे, आणि त्यानंतर वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या मानाने वाढवीत जावी. अमेरिकेतही 2021 मध्ये राज्ये व स्थानिक संस्था मिळून 350 अब्ज डॉलर साह्य देण्यात आले, तेव्हा राज्यांनी त्या पैशाच्या जोरावर आपले कर घटवू नयेत असे कायद्यातच लिहिले होते. त्यावरून तेथे कज्जेही झाले. देणारा हात कोठलाही असो, आपल्या पैशाने दुसऱ्याने कर माफ करून नाव मिळवावे हे त्यास रुचत नाही.

मोकळी जमीन बाळगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्पन्न आटू लागले की आकारणी करणाऱ्याची नजर प्रथम अशा जमिनीकडे वळते. तिच्यावर पुढेमागे किती बांधकाम होऊ शकेल, हे धरून मूल्य काढण्याची सोय असलेले नियम 20, 21 व 22 मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द ठरविले, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जमीन आज जशी आहे तशीच धरून मूल्य काढावयाचे. सबब मोकळ्या भूखंडाचे बिल आले तर मूल्य कशावरून काढले, हे लेखी विचारून घ्यावे व उत्तर दप्तरी जपून ठेवावे.

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आरंभी प्रसिद्ध होते. ते संपूर्ण वाचण्याची गरज नाही. उत्पन्नाच्या बाजूस जकातीपोटी भरपाई आणि मालमत्ता कर ह्या दोन ओळी काढाव्या, मागील सालच्या आकड्यांशी ताडून पाहाव्या. भरपाईची ओळ शेकडा 8 ने वाढली नाही असे दिसले, तर घरपट्टीच्या पुढील बिलासाठी चार पैसे आधीच बाजूस काढून ठेवावे.